श्रावणातली बदकाची अंडी नाताळच्या केकला

श्रावण लागला की अंड्यांचं गिऱ्हाईक घटतं, हे फलटणच्या बाजाराला नवं नाही. कोंबडीची अंडी निदान पडत्या भावात तरी खपतात. बदकाच्या अंड्यांची पंचाईत जास्त. आपल्या तालुक्यात बदकं थोडी आणि त्यांची अंडी खाणारेही थोडेच. बदकाला मात्र श्रावण कळत नाही. खाकी कॅम्पबेल जातीची नीट सांभाळलेली मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. शेततळ्यावर पाच माद्या असल्या तरी महिन्याला शंभरावर अंडी घरात येतात.

भगिनींनो, ही अंडी नासवू नका, गोठवा. केकसाठी ती चांगली चालतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधून गोठवलेली अंडी जहाजाने विलायतेला जात आणि तिथल्या बेकऱ्या ती वापरत.

पण अंडं कवचासकट फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही. आतलं बलक-पांढरं गोठताना फुगतं आणि कवच तडकतं. अंडी फोडूनच घ्यायची, तीही एकेक वेगळ्या वाटीत. बदकं कुठंही चिखलात अंडी घालतात, त्यात एखादं जुनं निघालं तर सगळं भांडं वाया जातं.

खरी गोम बलकात आहे. तो नुसता गोठवला तर डिंकासारखा घट्ट होतो आणि नंतर पिठात मिसळत नाही. म्हणून ४ अंडी हलक्या हाताने, फेस न आणता कालवा आणि त्यात दीड मोठा चमचा साखर किंवा अर्धा चहाचा चमचा मीठ घाला. केकसाठी साखरच बरी. तेवढी पुढे केकमधून कमी करायची. नुसतं पांढरं गोठवायचं असेल तर काही घालावं लागत नाही.

एका केकला लागतील तेवढीच अंडी एका डब्यात भरा. वर बोटभर जागा सोडा. डब्यावर तारीख, अंड्यांची संख्या आणि साखर की मीठ तेही लिहा. नाहीतर खारट केक खायची वेळ यायची!

शून्याखाली १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये अंडी वर्षभर टिकतात. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा तितका थंड राहतोच असं नाही; तिथली दोन महिन्यांत संपवावीत. म्हणजे नाताळच्या ऑर्डरीसाठी डीप फ्रीझर हवा. केवळ एवढ्यासाठी तो विकत घेणं माझ्या मते परवडणारं नाही. आधीच घरी असेल तर गोष्ट वेगळी.

वीज गेल्याचं कसं कळणार? वाटीत पाण्याचा बर्फ करा, त्यावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं असं समजा आणि ती अंडी टाकून द्या.

वापरायच्या आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको. वितळलेलं त्याच दिवशी वापरा, पुन्हा गोठवू नका. बदकाचं अंडं कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठं असतं, म्हणून वजनावर मोजा: कोंबडीच्या ३ अंड्यांऐवजी बदकाची २ साधारण पुरतात. पांढरं लवकर फेसाळत नाही, त्यात लिंबाचे दोन थेंब टाका. केक मधोमध पूर्ण भाजला गेला पाहिजे. कच्च्या अंड्याच्या क्रीमला ही अंडी वापरू नका, त्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते.

आणि केक विकायचा असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आधी करून घ्या.