अठरा रविवार भिंतीआड

मैत्रिणींनो, धुळ्याच्या तुरुंगावरून तुम्ही कधी गेला असाल, तर मान वळवून पाहिलंही नसेल. पाहायचं तरी काय? तो आजही तुरुंगच आहे. देवळासारखं सहज आत शिरता येत नाही. सासूबाईंचं माहेर धुळ्याचं. दीपनगरहून भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा करत एस.टी.नं पोचेपर्यंत अंग नुसतं आंबून जातं. इमारती बघायचं त्राण कुणाला?

गेल्या खेपेला रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथं गीता सांगितली." मी मनात हसले. कुरुक्षेत्र कुठं नि धुळं कुठं!

पण चूक माझीच होती, आणि मी म्हणे बी. ए.! १९३२ च्या कायदेभंगात विनोबा भावे याच तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी गीतेचा एक अध्याय, असे अठरा रविवार ते बोलले. ऐकायला जमनालाल बजाजांसारखी मंडळी होती. कैदी स्त्रियांनाही ऐकायची मुभा मिळाली. आणि लिहून कोण घेत होतं? आपले साने गुरुजी, अमळनेरच्या शाळेतले मास्तर! मी शाळेत वीस ओळींचं शुद्धलेखन घातलं तर मुलांची बोटं दुखतात. गुरुजींनी बोलत्या माणसाचे अठरा अध्याय उतरवले, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हाती आहे.

यामागे एक आई आहे, ते मला फार लागलं. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळेना. तूच मराठीत का करत नाहीस, असं त्या मुलाला म्हणाल्या. त्या १९१८ साली गेल्या. मुलाची 'गीताई' १९३२ साली छापून निघाली. आईच्या हाती काही ती पडली नाही.

हे कळलं आणि मला माझंच आठवलं. मोतीबिंदूमुळे सासूबाईंना वाचवत नाही. "जरा वाचून दाखव गं," असं त्या वर्षभर म्हणत होत्या, आणि मी आपली "उद्या वाचते" म्हणून स्वयंपाकघरात.

आता रविवारी दुपारी ओटा आवरला की आम्ही बसतो. भाषा अगदी घरातली आहे. आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते, त्या साध्या हातात काय असतं, असे दाखले. त्या ठिकाणी सासूबाईंनी मला दोनदा थांबवलं. मध्येच दूधवाला येतो, धाकटा गणिताची वही घेऊन येतो. मी उठले की सासूबाई पानात बोट घालून बसून राहतात. चौथा अध्याय चालू आहे.