संगणकाच्या गाभ्यातील बिघाड

सामान्य प्रोग्रॅमला संगणकाच्या स्मृतीचा नेमून दिलेला भागच वापरावयास मिळतो. त्याने मर्यादा ओलांडली, तर तेवढा प्रोग्रॅम बंद पाडला जातो व बाकीचे व्यवहार चालू राहतात. परंतु या सर्वांवर देखरेख करणारा जो मूळ प्रोग्रॅम, ज्यास कर्नेल म्हणजे गाभा म्हणतात, त्यास सर्व स्मृती मोकळी असते. चकती किंवा कळफलक यांच्याशी व्यवहार करणारे ‘ड्रायव्हर’ बहुधा या गाभ्यातच वावरतात. त्यांची चूक झाल्यास आवर घालणारा वर कोणी नसतो. अशा वेळी गाभा सारे यंत्रच थांबवितो. हे वर्तन कठोर खरे. पण बिघडलेल्या गाभ्याने चकतीवर भलतेच लिहून साठविलेली माहिती नासविण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

१९ जुलै २०२४ रोजी याचा प्रत्यय जगास आला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या संरक्षक ड्रायव्हरसाठी एक लहानशी फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता विंडोज संगणकांकडे धाडली. ती १०.५७ ला मागे घेण्यात आली. तथापि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. मुंबई व दिल्लीच्या विमानतळांवर प्रवाशांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या.

कोसळताना यंत्र आपल्या स्मृतीची प्रत चकतीवर ठेवते. कोणती आज्ञा पाळली जात होती आणि ती कोणता पत्ता वाचीत होती, हे त्या प्रतीवरून कळते. येथे आज्ञा क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरमधील होती, आणि वाचावयाच्या पत्त्यावर काहीच नव्हते. दोष कोठे, हे लवकर उमगले. तो का उद्भवला, हा प्रश्न अधिक अवघड होता.

ड्रायव्हर नव्या फाइलींतील अटी प्राप्त माहितीशी ताडून पाहत असे. अटींसाठी २१ रकाने ठरले होते. प्रोग्रॅम मात्र २० रकान्यांचीच माहिती पुरवीत होता. ही विसंगती फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीपासूनच होती. मार्च व एप्रिलमध्ये आलेल्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी अट असल्याने तो कधी वाचलाच गेला नाही. जुलैच्या फाइलीने प्रथमच तेथे निश्चित अट घातली, आणि ड्रायव्हर ओळ संपल्यावरही पुढे वाचीत गेला. तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमनेही २१ रकाने गृहीत धरूनच फाइल पसंत केली होती. मागितलेला रकाना अस्तित्वात आहे काय, एवढे पाहणारी एक तुलना ड्रायव्हरमध्ये असती, तर हा अनर्थ टळला असता.

दुरुस्ती त्याहून कष्टाची ठरली. हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच जागा होत असे. त्यामुळे बहुतेक संगणक सुधारित फाइल मिळण्यापूर्वीच पुन्हा कोसळत. माणसाने प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ते मोजक्याच ड्रायव्हरांसह सुरू करावे व सदोष फाइल काढून टाकावी, हाच सर्वसाधारण उपाय होता. विंडोजच्या बिटलॉकर सोयीने चकती कुलूपबंद केलेली असल्यास प्रथम ४८ अंकी किल्ली हुडकावी लागे. ती राहून गेलेली तुलना २५ जुलै रोजी ड्रायव्हरमध्ये घालण्यात आली, आणि २९ जुलैपर्यंत, कंपनीच्या सांगण्यानुसार, सुमारे ९९ टक्के संगणक पूर्ववत झाले.