सुट्या भागांची गोष्ट – लेखांक 7 : तोंडावळा एक, गेज वेगळं

गेल्या आठवड्यात शिवणयंत्राच्या शटलपाशी थांबलो होतो. तिथूनच पुढे जाऊ. कारण घरोघरी पोचलेलं ते सिंगर यंत्र करणाऱ्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करासाठी 500 पिस्तुलंही करून दिली होती. जॉन ब्राउनिंगने आखलेलं, .45 बोअरचं, एम 1911 ए 1. पुढे हेच पिस्तूल टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने, रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने आणि शिकारी बंदुकांच्या इथाकाने केलं. मूळ कारखाना कोल्टचा, तो तर होताच. लष्कराची अट कडक होती: एकाची स्लाइड दुसऱ्याच्या फ्रेमवर, तिसऱ्याच्या नळीसकट, कानस न लावता बसली पाहिजे.

ही अट कागदावर ठेवायची नव्हती. तपासनीस वेगवेगळी पिस्तुलं खोलायचे, त्यांचे भाग मिसळायचे, हाताला येतील ते घेऊन पुन्हा जोडायचे आणि झाडून बघायचे. 1943 मध्ये अदलाबदलीच्या या परीक्षेत गडबड निघाली म्हणून रेमिंग्टन रँडचं उत्पादन काही काळ बंद ठेवावं लागलं. गंमत अशी की युद्ध संपेपर्यंत सगळ्यात जास्त पिस्तुलं याच कंपनीची निघाली.

1911 चं ‘ए 1’ झालं ते 1920 च्या दशकात. चाप आखूड झाला, मुठीचा मागचा भाग फुगीर झाला, ग्रिप सेफ्टीचं टोक लांबलं. बदल झाले ते हाताला जाणवणारे. भाग जिथे एकमेकांत बसतात तिथल्या मापांना मात्र कोणी हात लावला नाही. त्यामुळे पहिल्या महायुद्धातली स्लाइड दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रेमवर बसते. 1945 नंतर लष्कराने नवी पिस्तुलं घेतलीच नाहीत. 1985 मध्ये बेरेटा येईपर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षं, जुन्यांचीच डागडुजी करून भागवलं. डेपोत खोललेल्या पिस्तुलाला त्याचीच स्लाइड परत मिळावी असा कोणाचाच आग्रह नव्हता. म्हणून फ्रेम एका कंपनीची आणि स्लाइड दुसरीची, असं 1911 दिसलं की त्याला ‘खोटं’ म्हणणारे संग्राहक मला पटत नाहीत. त्या पिस्तुलाचा खरा इतिहास तोच आहे.

आता अर्जेंटिनात या. तिथे कोल्टच्या परवान्याने ‘सिस्तेमा 1927’ तयार झालं. कोल्टचेच आराखडे, कोल्टचीच मापं. त्याचे भाग ए 1 शी बिनतक्रार जुळतात. त्याच देशात 1938 पासून बायेस्तेर-मोलिना नावाचं स्वस्त भावंडही निघालं. लांबून बघाल तर फसाल. पण त्याला ग्रिप सेफ्टी नाही, चाप सरळ मागे न सरकता खिळीवर फिरतो, मुठीची मागची बाजू फ्रेममध्येच ओतीव. मॅगझिन आणि नळी कोल्टची चालते. चाप आणि त्याच्या आसपासचं काही चालत नाही. स्पेनच्या स्टार मॉडेल बी ची तऱ्हा तर आणखी पुढची. चेहरा हुबेहूब, आतली मापं सर्वस्वी वेगळी. तोंडावळ्यावरून सोयरीक जुळवायला जाणारा इथे हमखास तोंडघशी पडतो.

बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, हेही कोल्टच्याच घरात दिसतं. 1983 मध्ये आलेल्या ‘सिरीज 80’ च्या स्लाइडमध्ये फायरिंग पिन अडवून धरणारा खटका आहे. तो उचलणाऱ्या तरफा फ्रेममध्ये असतात. ही स्लाइड जुन्या फ्रेमवर छान बसते, सरकते, पण पिन अडकलेलीच राहते.

जर्मनीच्या लुगरने वेगळाच रस्ता धरला होता. तिथे भाग कारागिराने हाताने जुळवायचे, आणि ते पुढे मिसळू नयेत म्हणून बारक्या भागांवरही पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ठोकायचे. त्यामुळे क्रमांक न जुळणारं लुगर संग्राहकाच्या लेखी एकदम उतरतं. सोव्हिएत सैन्याने जप्त केलेली लुगर अशीच खोलून, मिसळून, नव्याने काळी करून ठेवली गेली. जाणकार ती ओळखतात. शिवाय 1900 च्या मॉडेलमध्ये पट्टीची मुख्य स्प्रिंग होती, 1906 पासून गुंडाळीची आली. नाव एकच, पण पोटातलं मुख्य यंत्र बदललेलं.

कारखान्यानेच दोन मॉडेलं एकत्र जोडल्याचं उदाहरण हवं असेल तर वाल्थर बघा. पीपी 1929 चं, धाकटं पीपीके 1931 चं. 1968 च्या अमेरिकी कायद्यानंतर आयात पिस्तुलांना किमान उंचीची अट लागली आणि पीपीके त्यात थोडक्यात नापास झालं. वाल्थरने पीपीची उंच फ्रेम घेतली, तिच्यावर पीपीकेची स्लाइड आणि नळी चढवली आणि नाव दिलं पीपीके/एस. उंची भरली, मॅगझिनमध्ये एक गोळीही जास्त मावली. सरकारी अटीतून जन्मलेलं हे पिस्तूल आजही विकलं जातं.

हे वाचून कोणाचे हात शिवशिवत असतील तर आपल्याकडचा कायदा लक्षात ठेवा. 1959 च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात, आणि शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं किंवा त्यात फेरफार करणं या व्यवसायाला स्वतंत्र परवाना लागतो. पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यात ती मुभा नसते.