उन्हाळ्याची वाढती झळ आणि विजेचा खर्च

सुरत येथील लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमागावर राबणाऱ्या या मंडळींना उन्हाळा नवा नाही. परंतु गावाकडचा कूलर सुरतेत फारसा उपयोगी पडत नाही. कूलरमधील पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते. खानदेशच्या कोरड्या हवेत ही क्रिया जलद होते. समुद्रसान्निध्यामुळे दमट असलेल्या सुरतेच्या हवेत ती मंदावते. मग उरतो पंखा आणि ऐपत असल्यास वातानुकूलन यंत्र.

हवामान तापत चालल्याने रात्रीचा उकाडाही वाढत आहे. ७५ वॉटचा साधा पंखा रोज २० तास चालल्यास महिन्यास ४५ युनिट वीज लागते. वातानुकूलन यंत्र तेवढी वीज चार-पाच रात्रींत घेते.

दि. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी सुमारे अडीच लाख मेगावॉटवर पोहोचली होती. दुपारी सौरऊर्जेचा आधार असतो. रात्री मात्र कोळसा, प्रसंगी महाग वायू जाळावा लागतो. तो भार अखेर दरात उतरतो. शिवाय वापर वाढला की वरच्या युनिटांना चढा दर लागतो, तो वेगळाच.

सुमारे ३० वॉटचे नवे पंखे हेच काम महिन्यास १८ युनिटांत करतात. किंमत मात्र जवळजवळ दुप्पट असते, आणि मजुरास ती एकरकमी देणे जड जाते. पत्र्यावर पांढरा रंग देणे त्याहून सोपे. पण खोली भाड्याची असल्यास घरमालकाची संमती हवी.