मातीची सहनशक्ती

काही वर्षांपूर्वी कर्जत तालुक्यातील एका भातखाचराच्या बांधावरून मी दोन घमेली माती आणली. तिचा वाडगा घडवून एका परिचित कलावंताच्या गॅसभट्टीत भाजायला दिला. भट्टी उघडली तेव्हा वाडगा बसला होता आणि खालच्या फळीला काळपट लगदा चिकटला होता. माती वाईट निघाली, असे मी धरून चाललो. शेजारच्या खालापूर तालुक्यातील एका वृद्ध कुंभारांना तो तुकडा दाखवला, तेव्हा ते हसले. "माती चांगली आहे हो. तुम्हीच तिला नको तेवढी तापवलीत."

त्या एका वाक्यात मृत्तिकाकलेचा मूळ प्रश्न आहे : हुकूम कोणाचा, मातीचा की घडवणाऱ्याचा?

हा परिसर सह्याद्रीच्या पायथ्याचा, उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांचा. काळ्या पाषाणाची झीज होऊन इथली माती बनली. तिच्यात लोह भरपूर, म्हणून ती भाजल्यावर तांबडी होते. पण त्याच लोहामुळे ती लवकर वितळतेही. कुंभाराचा आवा साधारण 700 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तेवढ्या आचेत मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते आणि तिचा पुन्हा चिखल होत नाही. छिद्रे मात्र उरतात. माठातले पाणी त्यांतून झिरपते, बाष्प होऊन उडते आणि आतले पाणी गार होते. कलावंतांचे स्टोनवेअर 1200 अंशांच्या पुढे भाजतात. तिथे छिद्रे मिटतात, भांडे दगडासारखे होते. त्यासाठी वेगळी माती लागते आणि ती बहुधा बाहेरगावाहून येते.

या प्रश्नाला कलावंतांनी निरनिराळी उत्तरे दिली. निर्मला पटवर्धन यांनी झिलईचे प्रयोग वर्षानुवर्षे केले आणि 1984 साली कुंभकामावरचे हस्तपुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. हातातली विद्या वहीत उतरली तर ती सर्वांची होते, हा मला त्यातून दिसणारा विचार. बिहारच्या कुंभार घराण्यातून आलेले, भाईंदरला स्थिरावलेले ब्रह्मदेव राम पंडित (पद्मश्री, 2013) परंपरेचे चाक न सोडता स्टोनवेअरकडे वळले. पुदुच्चेरीत 1971 साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू करणाऱ्या दोघांपैकी रे मीकर यांनी तर मातीचे घर बांधून ते जागच्या जागी आतून भाजण्याचे प्रयोग केले.

आपल्याकडे याहून जुने उत्तर गोरोबाकाकांच्या कथेत आहे. थापटण्याने संतांची डोकी ठोकून त्यांनी कच्चे मडके ओळखले. कथा भक्तीची, पण कसोटी कुंभाराची : नीट भाजलेले भांडे खणखणते, कच्चे बद्द वाजते. म्हणजे आधी ऐकायचे, मग बोलायचे.

मी माती आणली त्या बांधाभोवती आता तारेचे कुंपण आहे. आत फार्महाऊसचे प्लॉट पडले आहेत. कुंभारकाका दिवाळीच्या पणत्या बाहेरून आणून विकतात. कुठल्या बांधाची माती माठाला, कुठली चुलीला, तिच्यात राख किती, हे त्यांना तोंडपाठ आहे. मुलगा कारखान्यात जातो. त्याला ते लागत नाही. आता दर महिन्याला मी वही घेऊन त्यांच्याकडे बसतो. चार पाने झाली आहेत. तो बसलेला वाडगा त्यांच्याच ओसरीवर आहे. ते त्यात तंबाखूची डबी ठेवतात.