कातडीच्या वाटेने इन्शुलिन

“गोळ्या वाढवा, पण सुई नको.” मधुमेहावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे वाक्य नवं नाही. थोरला दवाखाना, म्हणजे आपलं कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय, असो की राजारामपुरीतला खासगी दवाखाना, इन्शुलिनचं नाव निघालं की घरच्यांचे चेहरे पडतात. इन्शुलिन चालू झालं म्हणजे आता संपलं, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख निघाली. सगळ्यांना इन्शुलिन लागत नाही. पण ज्यांना लागतं, त्यांनी सुईच्या भीतीने ते पुढे ढकललं की त्याचा भुर्दंड डोळे आणि मूत्रपिंडं भरतात.

मग हेच औषध मलमासारखं चोळून का देत नाहीत?

इन्शुलिन हे पेप्टाइड आहे, ५१ अमिनो आम्लांचं. पोटात गेलं की अन्नातल्या प्रथिनांसारखंच ते पचून जातं. सेमाग्लुटाइड या दुसऱ्या पेप्टाइडची गोळी निघाली आहे. पण शोषणासाठी खास मदतनीस रसायन घालूनही त्या गोळीतलं जेमतेम एक टक्का औषध रक्तात पोचतं. राहता राहिली त्वचा. तिचा सगळ्यात वरचा मृत थर अवघा १० ते २० मायक्रॉन जाडीचा असला, तरी खरा पहारा त्याचाच. केराटिनने भरलेल्या चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं म्हणजे सिमेंट, असं त्याचं बांधकाम आहे. बॉस आणि मेनार्डी यांनी २००० साली एक साधा नियम मांडला: ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. सिगारेट सोडवणाऱ्या पट्टीतलं निकोटिन १६२ डाल्टनचं, म्हणून ते जातं. इन्शुलिन ५,८०८ डाल्टनचं आहे.

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे पुटिका. फॉस्फोलिपिड पाण्यात मिसळलं की त्याचे रेणू आपोआप दुहेरी पडदा धरून सूक्ष्म पिशव्या बनवतात. इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात हे दाखवलं आणि त्यातून लायपोसोम आले. पण साधे लायपोसोम ताठ असतात आणि बहुतेक वरच्या थरातच अडकतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या ग्रेगोर त्सेव्ह यांनी पडद्यात सोडियम कोलेट किंवा ट्वीनसारखं पृष्ठसक्रिय द्रव्य मिसळून त्याला लवचिक केलं. या पुटिकांना ट्रान्सफरसोम म्हणतात. वर त्वचा कोरडी आणि आत ओल, त्या ओलीच्या ओढीने या पुटिका आकार बदलत अरुंद फटींतून आत सरकतात, असं त्सेव्ह यांचं म्हणणं. म्हणून या पुटिकांचं जेल लावल्यावर वर पट्टी बांधून झाकायचं नसतं. जेरुसलेमच्या एल्का तुइतू यांनी दुसरा मार्ग धरला. पुटिकांमध्ये भरपूर इथेनॉल ठेवलं, ते ‘सिमेंट’ही सैल करतं. हे इथोसोम.

फार्मसीच्या प्रयोगशाळेत ही पुटिका बनताना पाहावी. लेसिथिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून गोल बुडाच्या चंबूत घेतात आणि चंबू ‘रोटा’वर, म्हणजे रोटरी इव्हॅपोरेटरवर, फिरवत ठेवतात. द्रावक उडून गेला की काचेच्या आतून पातळ पापुद्रा धरतो. त्यात औषधाचं द्रावण घालून चंबू पुन्हा फिरवला की पापुद्रा सुटतो आणि पाणी दुधाळ होतं. पुढे सोनिकेटरने पुटिका १०० ते २०० नॅनोमीटरपर्यंत बारीक करतात. इथे हात राखून काम करावं लागतं, कारण उष्णता वाढली की पेप्टाइड बिघडतं. हे लेसिथिन बहुधा सोयाबीनच्या कच्च्या तेलातून काढलेलं असतं, आणि सोयाबीन तर आपल्या शिरोळ-हातकणंगल्याच्या शिवारातलं पीक. चित्रनगरीजवळचं भारती विद्यापीठाचं फार्मसी महाविद्यालय, वारणानगरचं तात्यासाहेब कोरे फार्मसी महाविद्यालय अशा संस्था जिल्ह्यातच असल्याने हा विषय कोल्हापूरला परका नाही.

पुढची परीक्षा फ्रान्झ सेलमध्ये होते. काचेचे दोन कप्पे, मध्ये त्वचेचा तुकडा, वर जेल, खाली द्रावण. ठरावीक वेळाने खालचा नमुना काढून किती औषध उतरलं ते मोजतात. त्वचा कोणाची, हा प्रश्न इथे फार मोठा आहे. उंदराची त्वचा पातळ आणि केसाळ, तिच्यातून औषध सहज उतरतं आणि आकडे देखणे येतात. डुकराच्या कानाची त्वचा माणसाच्या जास्त जवळची. शिवाय खाली उतरलेलं पेप्टाइड शाबूत आहे का, हेही तपासायला हवं. ही दोन उत्तरं नसलेल्या प्रबंधावर माझा विश्वास बसत नाही.

त्सेव्ह यांच्या गटाने १९९८ मध्ये ट्रान्सफरसोममधून उपचाराला पुरेल इतकं इन्शुलिन त्वचेपार नेल्याचं प्रसिद्ध केलं. तरीही असं इन्शुलिन औषधाच्या दुकानात आलेलं नाही. दहा युनिट म्हणजे जेमतेम ०.३५ मिलिग्रॅम, तेव्हा प्रश्न नुसत्या मात्रेचा नाही, नेमकेपणाचा आहे. घाम, ऊन, खरचटलेली त्वचा यांनी शोषण बदलतं. आज कमी गेलं तर साखर चढेल, उद्या जास्त गेलं तर रुग्ण चक्कर येऊन पडेल.

म्हणून मला खरी आशा वाटते ती त्वचेतच काम असलेल्या पेप्टाइडांची. सोरायसिसवरचं सायक्लोस्पोरिन घ्या: अकरा अमिनो आम्लांचं, सुमारे १,२०० डाल्टनचं. पोटातून दिलं की ते मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. चट्ट्यापुरतंच पोचवता आलं तर रक्तात न जाणं हाच त्याचा गुण ठरेल.

पुटिका रुग्णापर्यंत नेण्याचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीला आहे. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायपोसोममधल्या ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधावर वर्षानुवर्षं काम केलं. ते पेप्टाइड नव्हे, आणि ते शिरेतून देतात. पण २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या लाटेत लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाईक दुकानं पालथी घालत होते, तेव्हा या पुटिकांची किंमत घराघरांत कळली. केईएममध्ये औषधशास्त्रज्ञ आणि वॉर्डातले डॉक्टर एकाच कामाला लागले होते. कोल्हापुरात फार्मसीची महाविद्यालयं आहेत, सीपीआरला जोडलेलं राजर्षी शाहू महाराज वैद्यकीय महाविद्यालय आहे. सायक्लोस्पोरिनचं जेल डुकराच्या कानावरून नैतिकता समितीच्या परवानगीने सोरायसिसच्या रुग्णापर्यंत नेणं या दोघांनी मिळून हाती घ्यावं, अशी माझी मनापासून मागणी आहे.

इन्शुलिनसाठी तूर्त सुईच. आता पेनची सुई ४ मिलिमीटरची मिळते, केसासारखी बारीक. रोज जागा बदलून टोचली तर बहुतेकांना जेमतेम जाणवते. ‘इन्शुलिन जेल’ म्हणून कोणी काही विकायला आलं, तर मात्र ते घेऊ नका आणि चालू असलेलं इंजेक्शन बंद करू नका.