फिरत्या ताऱ्याचा वेध

मत्स्यवेधाची कथा कोणत्या घरांत ठाऊक नाहीं? खालीं पाण्यांत प्रतिबिंब, वर फिरतें चक्र, चक्रावर मासा आणि त्या माशाचा डोळा. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति उघडली तर मात्र तेथें मासाही दिसत नाहीं आणि पाणीही दिसत नाहीं. तेथें आहे तें आकाशांत टांगलेलें एक कृत्रिम यंत्र, त्याचें छिद्र आणि त्या छिद्रांतून पांच बाणांनीं भेदावयाचें लक्ष्य. परंपरेनें त्यांत फिरता मासा आणला हें बरेंच केलें, असें आम्हांस वाटतें. स्थिर छिद्रापेक्षां फिरता मासा मुलांच्या ध्यानांत अधिक राहतो.

ही कथा निघण्यास कारण असें झालें. दिवाळींत आम्ही सास्तुरास चुलत्यांकडे गेलों होतों. कोल्हापुरास शिकणारी आमची पुतणीही तेथें आली होती. फराळाची ताटें उचललीं जातात न जातात तोंच तिनें चुलत्यांपुढें विषय काढला, "आजोबा, मला पिस्तुलाची नेमबाजी शिकायची आहे. तुम्ही हो म्हणा." चुलत्यांनीं चष्मा काढून ठेवला. "आपल्या घरांत आजवर कोणीं काठीदेखील हातीं धरली नाहीं. पिस्तूल ही का शिकावयाची वस्तु आहे?" एवढें बोलून ते देवघरांत निघून गेले. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं.

संध्याकाळीं पुतणीनें भ्रमणध्वनीवर आम्हां सर्वांस एक चलच्चित्र दाखविलें. एक स्पर्धक धांवत येतो, थांबतो, आणि समोरच्या लोखंडी चक्रावरच्या पांच तबकड्या एकामागून एक पाडतो. चक्र वेड्यासारखें गरगर फिरत असतें. पाठीमागें उभे राहून चुलतेही तें पाहत होते, हें आमच्या मागाहून लक्षांत आलें.

हा खेळ ऑलिंपिकमधला नव्हे. याला 'प्रॅक्टिकल' नेमबाजी म्हणतात. तिची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ सालीं अमेरिकेंतील मिसुरी संस्थानांत कोलंबिया या गांवीं स्थापन झाली, आणि जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. अचूकता, सामर्थ्य आणि वेग अशा अर्थाचे तीन लॅटिन शब्द हें तिचें ब्रीद. मिळालेल्या गुणांस लागलेल्या सेकंदांनीं भागावयाचें, अशी तिची गुण देण्याची रीत आहे. त्यामुळें सावकाश नेम धरणाराही हरतो आणि घाईनें गोळ्या उधळणाराही हरतो. लोखंडी लक्ष्याचा नियम तर अगदींच रोखठोक: तबकडी पडली तर गुण, नुसती वाजली तर कांहीं नाहीं.

त्या चक्रास 'टेक्सास स्टार' असें नांव आहे. मधल्या आंसावर मोकळें फिरणारे पांच हात आणि प्रत्येक हाताच्या टोंकास बहुधा आठ इंच व्यासाची पोलादी तबकडी. आरंभीं सर्व वजन सारखें असल्यामुळें चक्र निश्चल असतें. गोळी लागून एक तबकडी गळाली कीं तोल बिघडतो आणि चक्र आपोआप फिरूं लागतें. त्याला ना यंत्र, ना वीज. नेमबाजाचा प्रत्येक यशस्वी वारच त्याची पुढची अडचण उत्पन्न करतो! आम्हांस तर या खेळाची सारी गंमत येथेंच वाटली.

दुसऱ्या दिवशीं पुतणीनें व धाकट्या मुलांनीं पडवींत तें चक्र प्रत्यक्ष उभें केलें. जुन्या सायकलचें चाक तेल घालून खांबास उभें बांधलें. त्याच्या धांवेवर डब्यांचीं पांच पत्र्याचीं झांकणें सारख्या अंतरावर लहान चुंबकांनीं चिकटविलीं. हवा भरण्याच्या नळीकडची बाजू जड होऊन चाक तिकडेच कलूं लागलें, म्हणून समोरच्या बाजूस दोन नट बांधावे लागले. शस्त्र म्हणजे गलोल, आणि दारूगोळा म्हणजे उन्हांत वाळविलेल्या मातीच्या गोळ्या.

मुलांनीं आधीं खालचें झांकण पाडलें, कारण तें जवळ दिसत होतें. चाक क्षणभर अडखळलें आणि मग असें गरकन् फिरलें कीं पुढच्या दहा गोळ्या भिंतीवर गेल्या. काकू स्वयंपाकघरांतून ओरडल्या त्या निराळ्याच.

असें कां व्हावें, हें चुलत्यांनीं सांगितलें. वाचकांस ठाऊकच आहे कीं १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहाटे चारच्या सुमारास जो भूकंप झाला, त्यांत किल्लारी-सास्तूर भागांतील गांवेंच्या गांवें ढिगारा होऊन गेलीं आणि हजारों माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. येथील जुनीं घरें दगडमातीच्या भिंतींचीं आणि वर जड मातीचें माळवद. चुलते त्या ढिगाऱ्यांतून निघालेले. चाकाकडे पाहत ते शांतपणें म्हणाले, "जड तें खालीं येणार. हलकें झालेलें वर जाणार. त्यांत नवल तें काय?" त्यांना यावर अधिक कांहीं विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

परंतु सबंध गणित त्या वाक्यांत आहे. ज्या हाताची तबकडी पडते तो हलका होतो आणि चक्राच्या माथ्यावर जाऊं पाहतो. खालची तबकडी पाडली तर त्या हातास माथ्यावर येण्यास दोन पंचमांश फेरा घ्यावा लागतो. आणि मिळालेल्या वेगामुळें चक्र तेथें न थांबतां पुढें जातें, परत येतें, पुन्हां जातें. माथ्यावरचीच तबकडी आधीं पाडली तर? हलका हात होता तेथेंच आहे. चक्र जवळजवळ हलत नाहीं. मग उजवीकडची वरची तबकडी पाडतांच डावी बाजू जड होऊन चक्र डावीकडे कलूं लागतें; पण तें वेग घेण्यापूर्वींच डावीकडची पाडली, तर खालच्या दोन समोरासमोर राहून तोल पुन्हां सांवरतो. म्हणजे माथा, एक खांदा, दुसरा खांदा, आणि शेवटीं खालच्या दोन. दुसऱ्या व तिसऱ्या वारांमध्यें मात्र विचारास सवड नाहीं. तेथें चुकलें कीं चक्र आपलें राहत नाहीं.

आणि चुकतेंच. मग काय करावें? बहुतेक नवखे पळत्या तबकडीच्या मागें पिस्तूल फिरवीत राहतात आणि गोळी मागें पडते. तबकडी झोंका घेऊन जेथें क्षणभर थांबून परतते, तेथें आधींच नेम लावून तिची वाट पाहावी, हें अधिक बरें. झोंका मध्यावर सर्वांत वेगवान असतो आणि टोंकास पोंचतांच क्षणभर स्थिर होतो, हें अंगणांतला झोंपाळाही सांगतो. शेवटची एकटी तबकडी तर उघड लंबकच होते.

चुलत्यांनीं गलोल हातांत घेतली ती या वेळीं. लहानपणीं ज्वारी हुरड्यावर आली कीं माळ्यावर उभे राहून गोफणीनें पांखरें उडविण्याचें काम त्यांच्याकडे असे, हें आम्ही प्रथमच ऐकलें. "पांखरूं आहे तेथें दगड टाकूं नये, तें जाणार तेथें टाकावा," असें म्हणत त्यांनीं दोन गोळ्या फुकट घालविल्या. तिसरीनें झांकण खणकन् अंगणांत गेलें. मुलांनीं केवढा गिल्ला केला!

फिरतें लक्ष्य ऑलिंपिकच्या पंचवीस मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेंतही होतें. स्त्रियांच्या जलद फेरींत तीन सेकंद लक्ष्य समोर आणि सात सेकंद कड वळलेलें, अशी योजना असे. पुढें वळत्या लक्ष्यांची जागा विजेच्या लक्ष्यांनीं व हिरव्या-तांबड्या दिव्यांनीं घेतली; तीन आणि सात हे आंकडे राहिले. याच स्पर्धेंत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१३ सालीं दक्षिण कोरियांतील चांगवॉन येथें विश्वचषकाचें सुवर्ण मिळविलें. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत त्यांचे व थायलंडच्या प्रतिस्पर्धिणीचे ३४-३४ असे सारखे गुण झाले. बरोबरी सोडविण्यास पांच गोळ्यांची फेरी झाली, ती ४-४. पुन्हां फेरी झाली, ती ३-२. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचें वैयक्तिक सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

आपल्या घरांचा या विद्येशीं संबंध नाहीं, हें चुलत्यांचें म्हणणें मात्र आम्हांस खोडावें लागलें. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ सालीं स्थापन झाली. तिचे संस्थापक व पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापति, अहमदाबादेस स्थायिक झालेल्या मूळ कोंकणांतल्या घराण्यांतले. त्यांच्या नांवाची अखिल भारतीय स्पर्धा नेमबाजांस सुपरिचित आहे. चुलते म्हणाले, "मावळंकर? दादासाहेब मावळंकर?" आणि बराच वेळ गप्प राहिले.

त्यांची खरी भीति निराळी होती, आणि ती आम्हांस अवाजवी वाटत नाहीं. शस्त्र घरांत असलें म्हणजे कधींतरी तें भलत्या हातीं पडतें. पुतणीनें उत्तर दिलें तें नियमांनीं. प्रॅक्टिकल नेमबाजींत पोलादी लक्ष्य सात मीटरांच्या आंत असतां तें वेधणें मना आहे, कारण गोळीचे तुकडे उलट येतात. डोळ्यांस आणि कानांस संरक्षण लागतें. धांवतांना चापावर बोट दिसलें किंवा नळी ठरलेल्या दिशेबाहेर वळली, तर स्पर्धक तत्काळ बाद. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवान्याची कडक तपासणी आहे. आणि तिला आरंभ करावयाचा होता तो दहा मीटरवरच्या, हवेच्या दाबानें छरा सोडणाऱ्या पिस्तुलापासून. तो तारा तिच्या वाट्यास केव्हां येईल, येईल कीं नाहीं, कोण जाणे.

निघण्याच्या आदल्या रात्रीं चुलत्यांनीं तिला हांक मारली. "तें यंत्र शिकावयाच्या जागींच ठेवावयाचें. घरीं आणावयाचें नाहीं."

"नाहीं आणणार, आजोबा."

"आणि परीक्षा बुडवावयाची नाहीं."

ती पायां पडली. चाक मात्र सोडून आणण्यास कोणासच सवड झाली नाहीं, तें पडवींतच राहिलें. आतां काकूंचें पत्र आलें आहे. लिहितात कीं दुपारीं घर निजलें कीं पडवींतून टक्-टक् असा आवाज येतो, आणि साखरेच्या डब्याचें झांकण कांहीं केल्या सांपडत नाहीं.